इंदूरची रोजची जिम्नी : लिफ्ट किती, टायर कोणता

गाडी मारुती सुझुकी जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल गिअरची. मालक लोकमान्य नगरात राहतात आणि नोकरी पीथमपूरला. आठवडाभर राऊमार्गे येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर डांबरी रस्ता, तोही ट्रकांच्या रांगेत. सुटीच्या दिवशी सिमरोल, चोरल आणि जानापावच्या बाजूच्या कच्च्या वाटा. मागच्या सीटवर बहुतेक वेळा सत्तरी ओलांडलेल्या आई असतात. त्यांचे गुडघे दुखतात, हेही या प्रकरणात मोजमापाइतकंच महत्त्वाचं ठरलं.

मालकांची मागणी ठरलेली होती : दोन इंच लिफ्ट (म्हणजे स्प्रिंगवर गाडीचा सांगाडा तेवढा उंच करणं), 235/75 आर15 मापाचे मड टेरेन (चिखलासाठी रुंद खाचांचे) टायर आणि पुढे विंचसकट (अडकलेली गाडी ओढणाऱ्या दोराच्या यंत्रासकट) लोखंडी बंपर. प्रत्यक्षात गाडीला लागलं ते असं : 215/75 आर15 चे ऑल टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर पाच, 40 मिलिमीटरचा स्प्रिंग-शॉकअपचा जोडसंच आणि कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे कललेला कोन) दुरुस्तीचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे. बंपर नाही, विंच नाही. मागणी आणि निर्णय यांच्यात एवढं अंतर का पडलं, त्याचा हा हिशेब.

गाडी नेमकी कुठे घासते

लिफ्टची चौकशी करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना गाडी घासते एवढंच माहीत असतं. कुठे घासते ते पाहिलेलं नसतं. त्यासाठी खर्च काही नाही. पोट धुऊन कोरडं करायचं आणि दोन्ही डिफरेन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचे, थोडक्यात डिफचे) गोळे, ट्रान्सफर केसखालची (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीखालची) आडवी पट्टी, मागच्या लिंकांचे ब्रॅकेट, सायलेन्सर आणि दोन्ही बंपरांच्या खालच्या कडा यांना चुन्याचा हात मारायचा. मग नेहमीच्याच वाटेनं जाऊन यायचं. जिथला चुना गेला ती जागा आपली.

या गाडीचा चुना दोन ठिकाणी गेला. ट्रान्सफर केसखालची पट्टी बरीच खरवडली होती आणि मागच्या डिफच्या गोळ्यावर थोडे ओरखडे होते. पुढचा बंपर कोरा, मागचाही कोरा. विंध्याच्या कडेला बेसाल्टच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटा आहेत. पुढचं चाक पायरी चढून जातं आणि गाडीचं पोट पायरीच्या धारेवर टेकतं. लांब व्हीलबेसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या लांब अंतराचं, हे दुखणं आहे. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस 2590 मिमी, तीन दारांच्या जिम्नीचा 2250. म्हणूनच पोटाखालचा रॅम्प कोन (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) तीन दारांच्या गाडीत 28 अंश मिळतो, तर पाच दारांच्या गाडीत 24 वर येतो.

आता दोन्ही ओरखड्यांवरचं औषध वेगवेगळं आहे आणि सगळा घोळ इथेच होतो. जिम्नीला पुढे-मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे सलग अॅक्सल आहेत. स्प्रिंग कितीही उंच घाला, अॅक्सल चाकांच्या मधोमधच राहतो आणि डिफचा गोळा जमिनीपासून होता तिथेच. कंपनीनं दिलेला 210 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच लिफ्टनंतरही गोळ्याखाली 210 च भरेल. गोळा उचलतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानं. उलट पोट, म्हणजे सांगाडा आणि ट्रान्सफर केस, स्प्रिंगनं उचललं जातं. पट्टी जास्त खरवडली होती आणि गोळा थोडा, म्हणजे या गाडीला लिफ्टची गरज जास्त आणि टायरची कमी. मागणीत मात्र टायरवरही तेवढाच भर होता.

टायरचं गणित

मूळ टायर 195/80 आर15. व्यास काढायचा तर रिमचे 15 गुणिले 25.4 म्हणजे 381 मिमी आणि त्यात बाजूच्या भिंतीची दुप्पट, 195 च्या 80 टक्के म्हणजे 156, दोनदा. एकूण 693. याच रीतीनं 215/75 चा व्यास 703.5 येतो आणि 235/75 चा 733.5. पहिला दीड टक्क्यानं मोठा, दुसरा जवळजवळ सहा टक्क्यांनी. गोळा पहिल्यात 5 मिमी उचलला जातो, दुसऱ्यात 20.

वीस मिलिमीटरचा मोह होणारच. पण त्याची किंमत इंजिन देतं. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन 134 न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तोही 4000 आरपीएमला. चाक सहा टक्क्यांनी मोठं झालं की रस्त्यावर पोचणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते, जणू इंजिन 127 वर आलं. डिझेल थारला हे कळणारही नाही. जिम्नीला भेरूघाटात चार माणसं आणि एसी घेऊन चढताना कळतं, कारण जिथे तिसरा पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागतो. लो रेंजमध्ये (चढ आणि दगडांसाठीच्या संथ गिअरजोडीत) पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर सुमारे 36 आहे, ते परिणामानं 34 वर येतं. चढताना क्लच जास्त घासतो, आणि उतरताना इंजिनची पकड कमी पडून ब्रेकवर भार येतो. दगडी उतारावर हे दुसरं जास्त धोक्याचं.

त्यातून वजन वेगळंच. मूळ रोड टायर आणि मोठा एलटी (लाइट ट्रक) जातीचा मड टायर यांच्यात एका टायरमागे पाच-सात किलोंचा फरक सहज पडतो. हे वजन फिरतं आणि स्प्रिंगच्या खालचं आहे, म्हणून वेग घेताना, ब्रेक लावताना आणि खड्ड्यात आपटताना ते सगळीकडे जाणवतं. पाचवं चाक तर मागच्या दारावर लटकतं. दाराची बिजागरं मूळ वजनाला बेतलेली आहेत. जड स्टेपनी लटकावली की काही महिन्यांत दार खाली बसतं आणि कुलूप जुळत नाही. शिवाय 733 मिमीची स्टेपनी मूळ ब्रॅकेटवर मागच्या बंपरला टेकते का, हे आधी मोजून पाहावं लागतं.

आणखी एक अडचण टायरच्या दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. 235/75 आर15 ला किमान सहा इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर तो चढतो, फुगतोही, पण कडा आत ओढल्या जाऊन मधला पट्टा फुगतो आणि टायर मधोमध झिजतो. कमी हवेत कडेला झोका येतो. म्हणजे 235 घ्यायचा तर रिमही नवी. नवी रिम बहुधा कमी ऑफसेटची मिळते, चाक बाहेर येतं, वळताना जास्त मोठा चाप कापतं आणि पुढच्या बंपरचा कोपरा नि आतला प्लास्टिकचा मडगार्ड घासायला लागतो. मग तो कापा. एका टायरपायी पाच खर्च होतात ते असे.

215/75 आर15 साडेपाच इंचांच्या रिमवर नियमात बसतो. लोड इंडेक्स मूळच्या 96 ऐवजी 100, म्हणजे टायरमागे 710 च्या जागी 800 किलो. आणि हे बोलेरोचं माप आहे, ही सगळ्यात मोठी सोय. खंडव्याच्या रस्त्यावर बडवाहला किंवा धारला टायर फाटला, तरी दुकानात या मापाचा टायर मिळण्याची आशा असते. 195/80 च्या बाबतीत ती फारच कमी.

ऑल टेरेन की मड टेरेन, यावर मालवा उत्तर देतो. वर्षातले आठ महिने वाट कोरडी, दगडी आणि धारदार. उरलेले चार महिने काळी माती. ही माती ओली झाली की चिकटते आणि ऑल टेरेनच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टायर गुळगुळीत होतो, हे खरं. पण मड टेरेनच्या रुंद खाचाही आपोआप मोकळ्या होत नाहीत. त्यांना चाक जोरात फिरावं लागतं, आणि हलक्या गाडीत, कमी टॉर्कवर, काळ्या मातीत चाक जोरात फिरवलं की गाडी पोटापर्यंत खोदली जाते. भर पावसात सोयाबीनच्या शेताकडेनं काळ्या वाटेवर जाऊच नये. गाडी अडकतेच आणि दुसऱ्याचं शेतही नासतं. एवढ्यासाठी रोजच्या ओल्या डांबरावर मड टायरचं लांबलेलं ब्रेकिंग आणि गुरगुर सोसणं आमच्या मते चूक आहे.

घेताना पाचही टायर एकाच जातीचे, एकाच मापाचे घ्यावेत. जिम्नीला मध्ये डिफरेन्शियल नाही. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत) पुढची-मागची चाकं जखडलेली असतात, व्यासात फरक असेल तर ताण गिअरांवर जातो. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचावा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आयएसआय खूण पाहावी.

लिफ्टचं माप कसं ठरलं

पोटाखालची उंची कोनावरून काढता येते. 24 अंशांचा रॅम्प कोन आणि 2590 चा व्हीलबेस म्हणजे मधोमध सुमारे 275 मिमी. त्यात लिफ्टचे 40 आणि टायरचे 5 मिळवले की 320, आणि कोन होतो जवळपास 28 अंश. म्हणजे पाच दारांची गाडी तीन दारांच्या जिम्नीच्या पंक्तीला बसते. चुना जिथे गेला होता ती तक्रार एवढ्यानं सुटते. पुढचे दहा मिलिमीटर घेतले तर कोन अंशापेक्षाही कमी वाढतो, आणि त्यासाठी पॅनहार्ड रॉड (चाकांचा कणा बाजूला सरकू न देणारा दांडा), प्रॉपेलर शाफ्ट (डिफपर्यंत ताकद नेणारा दांडा), ब्रेकची नळी यांची दुखणी झपाट्यानं वाढतात.

स्थिरतेचाही हिशेब केला. चाकांमधली रुंदी सुमारे 1400 मिमी. गुरुत्वमध्य समजा 650 मिमीवर आहे. रुंदी भागिले उंचीची दुप्पट, म्हणजे 1.08. तो 45 मिमीनं वर गेला की 1.01. उलटण्याविरुद्धचा साठा सहा-सात टक्क्यांनी घटतो. सिमरोलच्या वळणांवर ही घट वेगातून भरून काढावी लागते, दुसरा उपाय नाही. छतावर कॅरिअर आणि वर पेट्रोलचे कॅन हा प्रकार या गाडीला यापुढे वर्ज्य.

चाळीस मिलिमीटर मिळवायचे दोन मार्ग. स्प्रिंगखाली पॉलियुरेथेनची चकती घालणं स्वस्त आणि तासाभराचं काम. पण शॉकअप मूळचाच राहतो, त्याची खाली उतरण्याची जागा चकतीएवढी कमी होते, आणि चाक खड्ड्यात पडलं की शॉकअप पूर्ण ताणून ठक्क आवाज येतो. वीस मिमीपर्यंत चकती चालते. त्यापुढे स्प्रिंग आणि त्याला जुळणारा लांब शॉकअप, असा संचच घ्यायला हवा.

स्प्रिंग निवडताना खरी चूक वजनाची होते. दुकानदार विचारतो, सामान किती नेता? माणूस सहलीचं सामान सांगतो आणि जड स्प्रिंग गळ्यात पडते. मोजायचं असतं ते गाडीवर कायम असलेलं जास्तीचं वजन. या गाडीवर ते शून्य होतं, मग कमी भाराचीच स्प्रिंग योग्य. जड स्प्रिंग रिकाम्या गाडीत 40 ऐवजी 55-60 मिमी उचलते, गतिरोधकावर मागचा भाग उडतो आणि मागे बसलेल्या आईच्या कंबरेला ते रोज सोसावं लागतं. लोखंडी बंपर आणि विंच याच कारणानं बाद झाले. पुढे कायमचा मोठा भार, त्यासाठी पुढची जड स्प्रिंग, आणि चुन्यानं तर पुढचा बंपर घासतच नाही हे दाखवलेलं.

आईंना चढायला 45 मिमी जास्त होणार होते. बाजूच्या पायरीचा विचार झाला, पण पायरी पोटाखालीच लटकते आणि मिळवलेली उंची परत खाते. दाराच्या खांबाला पकडायला मूठ आणि डिकीत घडीची चौकी, एवढ्यावर भागलं.

कामाच्या दिवशी

मोजणी आधी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर, चारही चाकांवर, सपाट फरशीवर, टाकी अर्धी. जमिनीपासून मोजू नये, टायर बदलला की आकडा खोटा ठरतो. अलाइनमेंटचा कागद कामाच्या आधीही काढून घ्यावा. मागून भांडण झालं तर तोच पुरावा.

सांगाडा लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), अॅक्सल ट्रॉली जॅकवर. शॉकअपचा खालचा बोल्ट, स्टॅबिलायझरची लिंक, पॅनहार्ड रॉडचं एक टोक आणि ब्रेक नळीचा ब्रॅकेट सोडून अॅक्सल हळूहळू उतरवायचा. जिम्नीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्यानं स्प्रिंग कॉम्प्रेसर लागत नाही. अॅक्सल नळीवर लटकता कामा नये. एबीएसची वायर आणि डिफची श्वासनळी यांनाही ढील द्यायची. श्वासनळी ताणून निसटली तर चोरलच्या पाण्यातून जाताना डिफमध्ये पाणी शिरतं आणि तेलाचं दुधाळ पाणी होतं.

पुढच्या अॅक्सलचं खरं काम कॅस्टरचं. पुढचे दोन आर्म मागे सांगाड्याला बांधलेले आहेत. गाडी उचलली की आर्मचं अॅक्सलकडचं टोक खाली झुकतं, अॅक्सल पुढे वळतो आणि कॅस्टर दोन-तीन अंशांनी घटतो. कॅस्टर घटला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि 80 च्या वेगात ट्रक शेजारून गेला की गाडी भरकटते. यासाठी आर्मच्या अॅक्सलकडच्या टोकांना, प्रत्येकी दोन असे चार, मध्यापासून सरकलेल्या छिद्राचे बुश बसवतात. ते हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायचे, हातोड्यानं नाही. खुणेची दिशा उलटी झाली तर कॅस्टर सुधारण्याऐवजी आणखी बिघडतो, आणि ही चूक वारंवार होते. जास्त दुरुस्तीही नको. अॅक्सल मागे वळवला की डिफचं तोंड खाली जातं, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा कोन वाढतो आणि फोर-एचमध्ये थरथर सुरू होते. गेलेला कॅस्टर मूळ मर्यादेच्या खालच्या टोकाशी परत आला की थांबावं.

पॅनहार्ड रॉडमुळे 40 मिमीच्या लिफ्टला अॅक्सल साधारण पाच-सहा मिमी बाजूला सरकतो. पुढचा आणि मागचा विरुद्ध बाजूंना सरकले तर गाडी किंचित तिरकी चालते. मडगार्डपासून टायरचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून फरक दहाच्या वर असेल तरच लांबी बदलणारा रॉड घ्यावा. या गाडीला घेतला नाही.

रबरी बुशांचे सगळे बोल्ट हवेत फक्त हातानं बसवायचे. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून हलवून, मगच टॉर्क रेंचनं कसायचे. हवेतच कसले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि पावसाळा उलटायच्या आत फाटतात. नव्या लिफ्टच्या कुरकुरीची निम्मी कारणं यात असतात.

शेवटी ड्रॅग लिंकनं (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यानं) स्टिअरिंग मधोमध आणायचं. लिफ्टनं ते एका बाजूला झुकतं. दिसायला क्षुल्लक, पण स्टिअरिंगचा सेन्सर गाडी वळतेय असं समजतो आणि सरळ रस्त्यावर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) एका चाकाचा ब्रेक लावू लागतो. सेन्सरचा शून्य स्कॅनरनं पुन्हा बसवावा. हेडलाइटचा झोत खाली करावा, नाहीतर राऊच्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मग एक पुढचं आणि तिरपं मागचं चाक फूटभर ठोकळ्यांवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावं आणि कोणी तरी खाली बसून टायर, नळी, वायर बघावी.

60 ते 80 च्या वेगात खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरात थरथरलं तर क्रम असा : बॅलन्सिंग आणि हवा, पॅनहार्डचे बोल्ट, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचे) बेअरिंग, आर्मचे बुश. स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर थांबवली तर दोष दडतो, जात नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलाला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तीच भूमिका घेतली. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून लिफ्टचं काम काढण्याआधी नायता मुंडलाच्या आरटीओत विचारावं, विमा कंपनीला लेखी कळवावं आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत पाना उचलू नये. अपघातानंतर सर्व्हेअरला नवी स्प्रिंग दिसली आणि कागदावर काही नसलं, तर दावा अडतो. सस्पेन्शनशी जोडलेल्या भागांची वॉरंटीही यात जाऊ शकते.

नंतरची देखभाल

डांबरावर हवा दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापासून सुरू करून खडूनं तपासावी : टायरवर आडवी रेघ मारायची, थोडं सरळ चालवायचं. रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांनीच पुसली तर कमी. दगडी वाटेवर 18 ते 20 पीएसआय पुरे. 15 च्या खाली उतरू नये, टायर रिमवरून निसटतो. डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची, त्यासाठी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत असावाच.

मायलेजचा हिशेब करताना मीटरचे किलोमीटर 1.015 नं गुणावेत, नाहीतर टायरला नसलेला दोष लागतो. हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासावेत आणि मडगार्डची उंची मोजावी. नवी स्प्रिंग पाच ते दहा मिमी बसते, त्यानंतरच शेवटची अलाइनमेंट आणि हेडलाइट. जुन्या स्प्रिंग, शॉकअप आणि बुश डावं-उजवं, पुढचं-मागचं असं रंगानं लिहून, तेल लावून ठेवावेत. गाडी विकताना किंवा आरटीओनं मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर ते लागतात.